डेबियन बसवताना लॅन पोर्टचे दिवेच लागत नाहीत

प्रश्न (कळवा, ठाणे)
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट थांबले, म्हणून घरच्या डेस्कटॉपवर विंडोज तसेच ठेवून शेजारी डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) बसवायला घेतले आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डेबियन न बसवताही चालते) संगणक सुरू केला की नेटवर्क कार्ड दिसते, पण राऊटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही आणि पोर्टवरचे हिरवा-पिवळा दोन्ही दिवे विझलेले असतात. विंडोजमध्ये त्याच केबलवर नेट व्यवस्थित चालते. शुक्रवारी आमच्या सोसायटीतली वीज दोन तास गेली होती; ती आल्यावर थेट पेनड्राइव्हवरून सुरू केले, तर नेट लगेच लागले. रात्री विंडोजमध्ये जाऊन एक अर्ज छापला, संगणक बंद केला आणि तेव्हापासून दिवे पुन्हा गायब आहेत. पोर्टचा लूज कॉन्टॅक्ट असेल का?

उत्तर (वाशी)
पूर्वी अशा वेळी पहिला संशय फर्मवेअरवर (कार्डाच्या चिपमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) घेतला जाई. मात्र डेबियन १२ पासून मुक्त परवान्याचे नसलेले फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते, त्यामुळे ती शक्यता कमी वाटते. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) चालवून कार्ड चालवणारा कोणता ड्रायव्हर लागला आहे ते कळवावे.

प्रश्नकर्ता
चिप रिअलटेकची आरटीएल८१११ असून ड्रायव्हर 'आर८१६९' लागलेला आहे. डीमेसेजमध्ये (dmesg, लिनक्सच्या संदेशांची नोंद) 'लिंक इज डाऊन', म्हणजे जोडणी नाही, एवढेच येते.

उत्तर (ऐरोली)
वीज गेल्याचे लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण खरा धागा तिथेच आहे. संगणक बंद केला तरी वायर भिंतीत असेपर्यंत मदरबोर्डला स्टँडबाय वीज मिळत राहते. विंडोजमधला रिअलटेकचा ड्रायव्हर बंद होताना चिपला झोपवतो, आणि पुढे लिनक्स सुरू झाले तरी काही चिप त्या झोपेतून उठत नाहीत; वीज पूर्ण तुटली की मात्र ती अवस्था पुसली जाते. तेव्हा आधी संगणक बंद करून मागची पॉवर केबल काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि मिनिटभराने केबल लावून थेट लिनक्स सुरू करा. दिवा लागला तर कायमचा उपाय विंडोजमध्ये करायचा आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबखाली 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' चालू करा. नेट लागण्यासाठी दुरून संगणक जागा करण्याची सोय चालू करायची हे उफराटे वाटेल, पण ती चालू असली की ड्रायव्हर चिपला पूर्ण झोपवत नाही. पॉवर ऑप्शन्समधले 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि त्याचे पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) लिनक्समधून लिहिण्याजोगे राहत नाही. नवे लॅन कार्ड तूर्त विकत घेऊ नका.

प्रश्नकर्ता
केबल काढून लावल्यावर आधी हिरवा दिवा लागला, मग पिवळा लुकलुकू लागला. विंडोजमधले दोन्ही बदल करून तिथूनच संगणक दोनदा बंद केला, तरी लिनक्समध्ये नेट लागले. आता इन्स्टॉलर पॅकेजेस उतरवून घेत आहे.