मदत हवी आहे: ‘किंग ऑफ फायटर्स ९७’मधले जुन्या खेळांचे संदर्भ मुलांना कोणत्या क्रमाने दाखवावेत?

वेंगुर्लेवासी

नमस्कार मंडळी,

‘द किंग ऑफ फायटर्स’ या मारामारीच्या खेळांच्या मालिकेत एसएनके कंपनीच्या आधीच्या खेळांतली पात्रे, त्यांच्या चाली आणि त्यांचे परस्परसंबंध जागोजागी आढळतात. हे संदर्भ ओळखू यावेत म्हणून जुने खेळ कोणते पाहावेत, कोणत्या क्रमाने पाहावेत आणि त्यांतल्या विसंगती कशा समजून घ्याव्यात, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रश्नाचे कारण असे. आमच्याकडे गणपतीला मुंबई-पुण्याहून सगळी चाकरमानी भावंडे मुलाबाळांसह गावी येतात, आणि रात्री भजन आटोपले, उसळ-पावाच्या बश्या उचलल्या गेल्या की माजघरात लॅपटॉपवर ‘९७’ सुरू होतो. एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये आमच्या लहानपणी या खेळाचे एकच मशीन होते आणि ते १९९७ सालच्या भागाचे होते. त्यामुळे आमच्या लेखी मालिका म्हणजे ९७च. पात्रांची नावे पडद्यावर लिहिलेली असूनही ती कोणी वाचत नसे. टोपीवाला, आगवाला, गोळेवाला, काठीवाला अशीच नावे रूढ होती आणि आजही चाळिशीतली भावंडे तीच वापरतात. गेल्या वर्षी एका पुतणीने विचारले, की हा टोपीवाला आणि तो लांब केसांचा भाऊ एका संघात का आहेत, काठीवाल्याचा आणि त्यांचा काय संबंध, आणि नारिंगी कराटेच्या पोशाखातला माणूस वेगळ्याच संघात का. या प्रश्नांची उत्तरे ९७मध्ये सापडत नाहीत, कारण ती त्याआधीच्या खेळांत आहेत. यंदा मुलांना ती नीट दाखवावीत, अशी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत जे जमवले आहे ते मांडतो. टोपीवाला टेरी बोगार्ड, त्याचा भाऊ अँडी आणि जो हिगाशी हे १९९१ सालच्या ‘फेटल फ्युरी’चे नायक आहेत. टेरी आणि अँडीच्या वडिलांचा खून करणारा गीस हॉवर्ड हा त्या खेळातला शेवटचा प्रतिस्पर्धी, आणि काठीवाला बिली केन हा गीसचा उजवा हात. विशेष म्हणजे गीस जी स्पर्धा भरवतो तिचेच नाव ‘किंग ऑफ फायटर्स’ आहे. म्हणजे मालिकेचे नावसुद्धा थोरल्या बहिणीकडून आलेले आहे. नारिंगी पोशाखातला रियो साकाझाकी आणि त्याचा मित्र रॉबर्ट गार्सिया हे १९९२ सालच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधले. त्या खेळात रियोची बहीण युरी हिला पळवून नेलेले असते आणि तिला सोडवणे हेच सारे कथानक असते. पहिल्या भागात बंदिवान असलेली ही मुलगी दुसऱ्या भागात स्वतः लढायला उतरते आणि १९९६ सालापासून भावाच्या संघात त्याच्या बरोबरीने उभी राहते. हा प्रवास मुलींना जरूर दाखवायचा आहे.

राल्फ आणि क्लार्क हे दोन सैनिक तर मारामारीच्या खेळांतून आलेलेच नाहीत. ते १९८६ सालच्या ‘इकारी वॉरियर्स’ या वरून दिसणाऱ्या गोळीबाराच्या खेळातले आहेत. अथेना आणि केन्सू १९८७ सालच्या ‘सायको सोल्जर’मधून आले. माई आणि किम ‘फेटल फ्युरी २’मधून, तर किंग ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधून. गोळेवाला चँग आणि नखेवाला चोई मात्र १९९४ सालच्या पहिल्या ‘किंग ऑफ फायटर्स’साठीच निर्माण झाले.

अडचण पुढे आहे. १९९४ सालच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग २’मध्ये शेवटी एक दडलेला प्रतिस्पर्धी येतो आणि तो निघतो गीस हॉवर्ड, पण तरुणपणीचा. याचा अर्थ रियो ऐन तारुण्यात असताना गीसही तरुण आहे आणि टेरी अजून लहान मूल असला पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये मात्र रियो आणि टेरी समवयस्क आहेत. मुले असे प्रश्न हमखास विचारतात. याचे सरळ, प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

दुसरी शंका यामाझाकीची आहे. ९७मध्ये तो ओरोची या दुष्ट शक्तीच्या आठ अनुयायांपैकी एक आहे, असे कथानक सांगते. ‘फेटल फ्युरी ३’मध्येही याचा काही धागा आहे का? असल्यास तोही दाखवावा लागेल. वेळ थोडा आहे, रात्री आरत्या आणि भजने यांतून जेवढा मिळेल तेवढाच, म्हणून सगळे खेळ दाखवणे शक्य नाही. कृपया सुचवावे.

अपरान्त

वेंगुर्लेवासी, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. वयाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे: हे दोन वेगळे कालपट आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ‘फेटल फ्युरी’ आणि ‘आर्ट ऑफ फायटिंग’ हे एकाच जगात, पण एका पिढीच्या अंतराने घडतात. ‘किंग ऑफ फायटर्स’ने ते अंतर जाणूनबुजून पुसून टाकले, कारण रियो आणि टेरी यांना एकमेकांसमोर उभे करायचे होते. खरे तर ही इच्छा आधीपासूनच होती. १९९३ सालच्या ‘फेटल फ्युरी स्पेशल’मध्ये रियो दडलेला प्रतिस्पर्धी म्हणून येतो आणि एका मालिकेचा नायक दुसऱ्या मालिकेत पाहुणा म्हणून येण्याचे ते फार लवकरचे उदाहरण आहे.

गीसचे उदाहरण घेतले तर मुलांना हे सर्वांत लवकर समजेल, असे वाटते. १९९५ सालच्या ‘रिअल बाउट फेटल फ्युरी’च्या शेवटी गीस इमारतीवरून खाली पडतो, टेरी त्याचा हात धरतो आणि गीस तो हात झिडकारून मरण पत्करतो. पुढल्याच वर्षी, ‘किंग ऑफ फायटर्स ९६’मध्ये, तोच गीस ‘फेटल फ्युरी २’चा खलनायक क्राउझर आणि मिस्टर बिग यांच्यासह खलनायकांच्या संघात उभा असतो. मिस्टर बिग म्हणजे ज्याने युरीला पळवले तो. तीन वेगवेगळ्या खेळांचे तीन खलनायक एका संघात आले, त्यासाठी त्यांच्या आयुष्यांचे मूळ हिशेब बाजूला ठेवले गेले. मूळ कालपट मात्र तुटलेला नाही: १९९९ सालच्या ‘गारो: मार्क ऑफ द वुल्व्ज’मध्ये टेरी प्रौढ झालेला आहे, त्याने टोपी सोडली आहे, आणि गीसचा मुलगा रॉक याला त्यानेच वाढवले आहे. पुढे ‘किंग ऑफ फायटर्स २००३’ने टेरीचा हाच वेश उचलला.

यामाझाकीबद्दल: ‘फेटल फ्युरी ३’मध्ये, म्हणजे १९९५ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा, ओरोचीचे नावही त्या खेळात नाही. तिथे तो दुष्ट आणि लोभी गुंड आहे, जिन बंधूंच्या गुप्त पोथ्यांच्या प्रकरणात गुंतलेला. ओरोचीचे रक्त त्याला ९७ने दिले. त्यामुळे तिथे जुना संदर्भ शोधण्यात वेळ घालवू नये. ब्लू मेरीही त्याच खेळातून आली आहे, पण तिच्या आणि टेरीच्या जवळिकीचा धागा दोन्हीकडे टिकून आहे, म्हणून यामाझाकीऐवजी मेरी दाखवावी.

माझे मत असे आहे, की ‘किंग ऑफ फायटर्स’ने मोठ्या बहिणींकडून कथानक घेतलेच नाही. घेतले ते स्वभाव, नाती, उभे राहण्याची ढब आणि जिंकल्यावरचा आविर्भाव. टेरी पाठ फिरवून टोपी हवेत भिरकावतो आणि ‘ओके’ म्हणतो, ही लकब इकडे जशीच्या तशी आहे. तारखा जुळवण्यापेक्षा मुलांना अशा लकबी शोधायला लावाव्यात.

सागरगोटा

वेंगुर्लेवासी दादा, अपरान्त यांनी पात्रांबद्दल सांगितले, मी खेळण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते, कारण खरी आठवण तिथे जपलेली आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

९७ सुरू करताना ॲडव्हान्स्ड आणि एक्स्ट्रा अशा दोन पद्धतींतून एक निवडावी लागते. पार्लरमध्ये सगळे न वाचता ॲडव्हान्स्ड घेत असत. मुलांना एकदा एक्स्ट्रा घ्यायला सांगा. त्यात तीन बटणे एकत्र दाबून धरली की पात्र जागेवर उभे राहून शक्ती साठवते आणि खालची पट्टी भरत जाते. ही पद्धत पहिल्या दोन ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये होती आणि तिचे मूळ ‘आर्ट ऑफ फायटिंग’मध्ये आहे. तिथे विशेष चाल केली की शक्तीची पट्टी घटते, पट्टी रिकामी असेल तर चालीचा जोर कमी पडतो, आणि समोरच्याला चिडवले की त्याची पट्टी उतरते. खेळाडू बटण दाबून धरून पट्टी पुन्हा भरतो. दोन्ही खेळ लागोपाठ लावून, रियोला घेऊन हे एकदा दाखवा. सांगण्याची गरजच पडणार नाही.

दुसरी गोष्ट टेरीची. एक्स्ट्रा पद्धतीत जीव अगदी थोडा उरला आणि वरची पट्टी लुकलुकू लागली, की महाचाली वाटेल तितक्या वेळा करता येतात. टेरी जमिनीवर मूठ आपटून ज्वाळांचा स्तंभ उठवतो, ती पॉवर गायझर चाल १९९२ सालच्या ‘फेटल फ्युरी २’मध्येही जीव असाच लुकलुकू लागल्यावरच करता येत असे. हरायला आलेल्याच्या हाती शेवटचे अस्त्र देणारा हा नियम इतकी वर्षे टिकला, हे मला या मालिकेतले सर्वांत सुंदर ऋण वाटते. एक्स्ट्रामध्ये लोळण घेऊन पलीकडे जाता येत नाही, जागेवरच अंग चुकवून पाठीमागच्या बाजूला सरता येते. ‘फेटल फ्युरी’त लढवय्ये पुढच्या आणि मागच्या अशा दोन रांगांमध्ये ये-जा करत, त्याची ती आठवण करून देते.

‘आर्ट ऑफ फायटिंग’ लावल्यावर एक गोष्ट मुलांना मुद्दाम पाहायला लावा. मार बसत गेला की चेहरे सुजतात, आणि दोघे लांब गेले की दृश्य लहान होते, जवळ आले की मोठे. ‘किंग ऑफ फायटर्स’ने यांतले काही घेतले नाही.

खेळ मिळण्याबद्दल: एसएनकेच्या निओ जिओ या यंत्रावरचे बहुतेक खेळ हॅम्स्टर कंपनीने नव्या कन्सोलवर स्वतंत्रपणे उपलब्ध करून दिले आहेत. ‘इकारी वॉरियर्स’ आणि ‘सायको सोल्जर’ मात्र त्याआधीच्या यंत्रांवरचे आहेत. ते दोन्ही २०१८ सालच्या ‘एसएनके फोर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये एकत्र मिळतात.

वेंगुर्लेवासी

अपरान्त आणि सागरगोटा, आपणां दोघांचे मनःपूर्वक आभार. एक्स्ट्रा पद्धतीबद्दलची माहिती तर माझ्या भावंडांनाही नवी असेल. आता क्रम असा ठरवत आहे: आधी ‘फेटल फ्युरी २’, मग ‘आर्ट ऑफ फायटिंग’चा पहिला भाग युरीच्या सुटकेपर्यंत, आणि त्यानंतर लगेच ९७ एक्स्ट्रा पद्धतीने. ‘इकारी वॉरियर्स’ थोडक्यात दाखवीन. ‘सायको सोल्जर’ला वेळ द्यावा का, एवढेच सांगावे. अथेना घरातल्या मुलींची आवडती आहे.

अपरान्त

अवश्य द्यावा, आणि आवाज मोठा ठेवावा. खेळ चालू असताना सलग गाणे ऐकू येते, तेही शब्दांसह, असा तो १९८७ सालचा खेळ आहे. १९९४ सालच्या ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये अथेनाच्या संघाला जे संगीत आहे ते याच गाण्याचे नवे रूप आहे, त्यामुळे दोन्ही लागोपाठ ऐकवता येतील. ‘सायको सोल्जर’मध्ये अथेना अग्निपक्ष्याचे रूप घेते, तेही चुकवू नये, ‘किंग ऑफ फायटर्स’मधली तिची फिनिक्स ॲरो ही चाल त्यानंतर वेगळ्याच नजरेने पाहिली जाईल. संगीताचाच विषय निघाला आहे तर आगवाल्या क्योच्या संघाचे संगीतही ऐकवावे. ९४, ९५ आणि ९६ या तिन्ही भागांत त्याच्या नावात ‘एसाका’ आहे, आणि एसाका हा ओसाकाजवळचा तो भाग, जिथे एसएनकेचे कार्यालय होते.

सागरगोटा

एक भर घालते. वेळ उरला तर ९८ लावा. त्यात कथानक नाही, आधीच्या भागांतली माणसे पुन्हा एकत्र आणली आहेत, रियोचे वडील ताकुमाही परत आले आहेत. निवड करताना स्टार्ट बटण दाबून धरून टेरी घेतला की तो ‘रिअल बाउट’मधल्या चालींसह येतो, आणि क्यो तसाच घेतला तर त्याचा हातातून सुटून जमिनीवरून सरकत जाणारा आगीचा लोळ परत मिळतो, जो ९६मध्ये काढून टाकला होता. ज्यांनी फक्त ९७ खेळला आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी क्योला ती चाल करताना पाहिलेले नसेल, म्हणून क्यो मुलांच्या हाती देण्याआधी आपल्या भावंडांपैकी कोणाच्या तरी हाती द्यावा.