प्रति: क्लाइंबिंग जिमसाठी लीडचा रोप कोणता घ्यावा?

वर कोणीतरी ९.२ मिमी, ७० मीटरचा रोप सुचवलाय, पण फक्त इनडोअर लीड (म्हणजे चढताना रोप स्वतःच वाटेतल्या क्लिपमध्ये अडकवत जाणं) करायचं असेल तर तो नको असं माझं स्पष्ट मत आहे. इनडोअरला दर वेळी पडणं आणि लोअर होणं (रोपवरून खाली उतरवलं जाणं), सगळा ताण रोपच्या टोकाकडच्या त्याच काही मीटरवर येतो आणि बारीक रोपची शीथ (बाहेरचं विणलेलं आवरण) तिथे लवकर झिजून फुगते, म्हणून ९.८ ते १०.२ मिमी घ्या, सिंगल रोपचा, म्हणजे वर्तुळात १ असा शिक्का आणि ईएन ८९२ (ताणल्या जाणाऱ्या, डायनॅमिक रोपचं युरोपियन मानक) लिहिलेलं बघूनच. बिले डिव्हाइसवर (खालचा साथीदार, म्हणजे बिलेअर, ज्यातून रोप धरतो ते साधन) कुठली जाडी चालते तेही बघा. लांबी भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अधिक ५-७ मीटर, म्हणजे १५ मीटरच्या भिंतीला ४० भरपूर, पुढे टोक खराब झालं तर कापताही येतं (मग मधली खूण मधोमध राहत नाही, हे बिलेअरला सांगा). दुसऱ्या, बिलेअरकडच्या टोकाला गाठ हवीच हवी! ड्राय ट्रीटमेंटवर (रोप पाणी शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया) पैसे घालू नका, पावसाळ्यात लोकलमधून नेताना बॅग भिजली तर घरी पंख्याखाली सावलीत पसरून वाळवा. आणि दुकानदार स्वस्तात स्टॅटिक देत असेल तर प्लीज लीडसाठी घेऊ नका, तो जवळजवळ ताणला जात नाही, पडल्यावर सगळा झटका तुमच्या अंगावर आणि अँकरवर येतो.