सहकारी शिक्षकाचा पाठ बघायचा, पण तपासणी वाटू नये, कसं जमवता?

नवीन_गुरुजी
जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षण सेवक आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी, ज्येष्ठ मॅडमकडे पहिली-दुसरी. एकमेकांचे पाठ बघून शिकायचं असं दोघांनी मनापासून ठरवलंय. पण मॅडम वर्गात येऊन बसल्या की मुलं चिडीचूप, मी घामाघूम, आणि शेवटी त्या "छान झाला" म्हणून उठतात. तोवर त्यांचे दोन वर्ग वाऱ्यावर. इकडे हातच्याच्या वजाबाकीत माझी निम्मी तिसरी अडकली आहे. कुणी असं जोडीनं काम केलंय का?

माणदेशी_बाई
करतेय, म्हणून सविस्तर लिहिते. सर, बघायला आलेल्यानं शिक्षकाकडे बघायचंच नाही. एका मुलाजवळ बसायचं आणि त्याची वही बघायची. फळ्याजवळ उभं राहून आपल्याला शेवटच्या रांगेतली वही दिसत नाही, दुसरं माणूस हवं ते त्यासाठी.

माझ्या वर्गात ५२ वजा २७ चाललं होतं. सहकारी सर एका मुलीशेजारी बसले. तिचं उत्तर ३५. मी नुसती फुली मारून पुढे गेले असते. सरांनी तिचं पुटपुटणं टिपलं होतं: "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वजाबाकी येत होती, पण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. अशा मुलीला आणखी दहा गणितं देऊन काय होणार? दुसऱ्या दिवशी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या तिच्यापुढे ठेवून सात सुट्या मागितल्या. दोन दिल्या, थांबली, मग विचारलं, "बाई, गठ्ठा सोडू?" तिथून पुढे ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ का लिहायचे, हे सांगावं लागलं नाही.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी सकाळी चारही वर्ग एकत्र बसवा. पहिली-दुसरी दहा-दहाचे गठ्ठे बांधेल, तेच तुमची तिसरी सोडेल. आणि टिपण लॉगबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहितात त्या वहीत, अजिबात नको. साधी वही करा, ज्याचा पाठ त्याच्याकडेच ती राहू दे.

केंद्रशाळेतून
बाईंशी सहमत, पण दोघांतच ठेवू नका. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि मग पाठावर चर्चा होते. आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असतेच. केंद्रप्रमुखांकडून थोडा वेळ मागून घ्या आणि हे ३५ वालं उत्तर तिथे मांडा. प्रत्येक शाळेत एक तरी पोर असं करतंच.

नवीन_गुरुजी
बाई, मॅडम इतक्या ज्येष्ठ. "इथे बसा, हे टिपा" असं मी त्यांना कसं सांगू?

माणदेशी_बाई
सांगू नका, विचारा. तुमची तिसरी त्यांच्याच हाताखालून आली आहे, कोण कुठे अडतं हे त्यांना पाठ असेल. "मॅडम, कुणाजवळ बसाल?" एवढं म्हणा. पहिला पाठ तुमचा ठेवा, पुढच्याच शनिवारी त्यांचा बघा. पहिलीचं वाचन बसवताना बघणं तुमच्या फार कामाला येईल, चौथीत अडखळत वाचणारी मुलं तुमच्याकडेही असणारच. आणि पाठानंतर चहाला बसलात की "कसा झाला?" विचारू नका, "त्यानं काय लिहिलं?" विचारा.