भागून नाही, वर्ग करून
कुणीतरी विचारलंय की २०२४ मध्ये सापडलेली ४ कोटी १० लाख आकडी मूळ संख्या खरंच मूळ आहे हे कशावरून, सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का? तर नाही, तसं भागत बसलं तर कुठलाच कॉम्प्युटर पुरा पडणार नाही. ही मर्सेन प्रकारातली आहे, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, आणि या प्रकारासाठी लुकास-लेमर नावाची फार सुंदर चाचणी आहे.

छोट्या १२७ वर करून बघा (२ चा ७ वा घात वजा १). ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग ०! घातांकापेक्षा २ कमी, म्हणजे ५ पायऱ्यांनंतर शून्य आलं की संख्या मूळ, नाही आलं तर नाही. कागदावर स्वतः करून बघाच, शेवटी १२३१९ ला १२७ ने बरोब्बर भाग जातो तेव्हा अंगावर काटा येतो.

फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये असल्याच पद्धतीने हाताने ३९ आकडी संख्या मूळ ठरवली होती! २०२४ च्या या नवीन संख्येला आधी जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) वेगळ्या टेस्टने 'बहुधा मूळ' ठरवलं, मग लुकास-लेमरने शिक्कामोर्तब.

आणि हो, घातांक मूळ असला की झालं असं नाही हं, ११ मूळ आहे पण २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, हे २३ गुणिले ८९.