टेस्ला कॉइल: गोळा काढून टोरॉइड बसवला आणि ठिणगी कमी झाली, असं का?

अजिंक्यतारा (सातारा):
नमस्कार मंडळी. घरी स्पार्क गॅपवाली (ठिणगीच्या फटीतून चालू-बंद होणारी) टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत ठिणग्या सोडणारा हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, केलीय. सेकंडरी (उभी, बारीक तारेची कॉइल) शेतीच्या ११० मिमी पीव्हीसी पाइपवर, २६ गेजची एनॅमल वायर, ४५ सेंमी वाइंडिंग, म्हणजे ९०० च्या आसपास वेढे. खाली निऑन बोर्डाचा ९ केव्ही (९ हजार व्होल्ट) ट्रान्सफॉर्मर. वर आधी स्टीलचे दोन बाऊल तोंडाला तोंड लावून केलेला २० सेंमी व्यासाचा गोळा होता. वीतभर ठिणगी यायची, तीही बाऊलच्या जोडावरूनच. टोरॉइड (मेदूवड्यासारखं कडं) जास्त चांगला असं सगळीकडे वाचलं, म्हणून किचन चिमणीची ॲल्युमिनियमची लवचीक नळी वळवून बाहेरून ३० सेंमी व्यासाचा, ७.५ सेंमी जाडीचा टोरॉइड केला. आता कडेला नुसती जांभळी झळाळी दिसते, ठिणगी जवळजवळ बंदच. बाकी कशालाही हात लावलेला नाही. आकार चुकला का? कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायची आहे.

वाइंडिंगवाले_मिरज:
आकार चांगला आहे. बाकी कशाला हात लावला नाहीत, तिथंच अडलंय. वरचा भाग बदलला की ट्यूनिंग, म्हणजे खालची जाड तारेची प्रायमरी आणि वरची सेकंडरी यांची फ्रिक्वेन्सी जुळवणं, परत करावंच लागतं, नाहीतर दोन आकारांची तुलनाच होत नाही.

हिशोब बघा. गोळ्याचा कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) त्रिज्येच्या दर सेंमीला साधारण १.१ पिकोफॅरड, म्हणजे तुमचा ११. या मापाच्या टोरॉइडचा १३ च्या आसपास. सेकंडरीचा स्वतःचा ८ आणि इंडक्टन्स १९ मिलिहेन्री धरला तर सेकंडरीची फ्रिक्वेन्सी २६५ किलोहर्ट्झवरून २५२ च्या आसपास उतरते. पाच टक्के किरकोळ वाटतात, पण प्रायमरी अजून जुन्याच फ्रिक्वेन्सीवर ठोकतेय. प्रायमरीला दहाएक वेढे असतील तर टॅप (प्रायमरीच्या वेढ्यांवर सरकवता येणारा जोड) अर्धा वेढा बाहेर घ्या. मग आणखी थोडा बाहेर सरकवून बघा, कारण ठिणगी निघाली की तिचाही कपॅसिटन्स वर जोडला जातो आणि फ्रिक्वेन्सी अजून खाली येते. टॅपला हात लावण्याआधी प्लग काढायचा आणि कपॅसिटर इन्सुलेटेड दांड्याच्या तारेनं डिस्चार्ज करायचा. प्रत्येक वेळी. निऑनचा ट्रान्सफॉर्मर माणूस मारतो.

आता आकाराचं. हवा सेंटिमीटरला साधारण ३० केव्हीला फुटते. १० सेंमी त्रिज्येचा खरोखर गुळगुळीत गोळा ३०० केव्हीपर्यंत गप्प बसेल, आणि तुमची कॉइल तिथवर जाणार नाही. तुमच्या गोळ्यावरून ठिणगी आली ती बाऊलच्या काठामुळं. आमच्याकडं मोटर जळून येते तेव्हा इन्सुलेशन बहुतेक स्लॉटच्या तोंडाशी, धारदार कडेलाच फाटलेलं असतं. इथंही तेच, जिथं वळण सर्वांत बारीक तिथं इलेक्ट्रिक फील्ड सर्वांत जास्त. चिमणीच्या नळीला बारीक वळ्या असतात, जांभळी झळाळी त्या वळ्यांवरूनच येते आणि करंट तिथंच वाया जातो. चमच्याच्या पाठीनं वळ्या घासून सपाट करा, वरून ॲल्युमिनियम टेप ताणून लावा. मग एकाच जागी दोन-तीन सेंमीची टोकदार तार बाहेर काढा. सगळं गुळगुळीत आणि एकच टोक, असं असेल तर साठलेला चार्ज एकाच ठिणगीला मिळतो आणि ती लांब जाते.

टोरॉइडचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. तो रुंद असल्यामुळं सेकंडरीचे वरचे वेढे त्याच्या आडोशाला येतात, तिथलं फील्ड मऊ होतं. दांडीवर उंच चढवलेल्या गोळ्याखाली तेच वेढे उघडे पडतात आणि ठिणगी वायरमधूनच फुटते. एनॅमल एकदा करपलं की पूर्ण वाइंडिंग उलगडावं लागतं. टोरॉइड शेवटच्या वेढ्याच्या चार-पाच सेंमी वर ठेवा, फार उंच नको.

कृष्णाकाठ (सांगली):
वरच्यांशी सहमत. फक्त एक, प्रदर्शनात लांब एकच ठिणगी हवी की चारी बाजूंनी झुडपासारख्या आखूड ठिणग्या, ते आधी ठरवा. झुडूप हवं असेल तर छोटा टॉपलोड (वरचा गोळा किंवा टोरॉइड) आणि दोन-तीन टोकं पुरेत. आणि सेकंडरीचं खालचं टोक घरच्या अर्थिंगला जोडू नका, त्यातून हाय फ्रिक्वेन्सी घरभर फिरते, टीव्ही-राउटर जातात. अंगणात तांब्याचा रॉड ठोका, जमीन ओली ठेवा. प्रदर्शनात पेसमेकरवाला कुणी जवळ येणार नाही याची सोय आधीच बघा.

अजिंक्यतारा (सातारा):
काका, टॅप अर्ध्या वेढ्याहून जरा जास्तच बाहेर गेला तेव्हा जमलं. वळ्या घासल्यावर झळाळी गेली. तारेवरून आता हातभर ठिणगी निघते, गोळ्यापेक्षा कितीतरी लांब! पण मधूनच एखादी वळून खाली प्रायमरीवर पडते. टोरॉइड अजून मोठा केला तर थांबेल का?

वाइंडिंगवाले_मिरज:
मोठा केलात तर या ट्रान्सफॉर्मरवर ठिणगी फुटणंच अवघड होईल. तीच ऊर्जा जास्त कपॅसिटन्समध्ये गेली की व्होल्टेज कमीच चढतं. हा टोरॉइड राहू द्या. तारेचं टोक किंचित वर आणि बाहेर वळवा. प्रायमरीच्या बाहेरच्या वेढ्याच्या वर चार-पाच सेंमीवर तांब्याच्या नळीचं एक कडं बसवा आणि त्याच अंगणातल्या रॉडला जोडा. कडं पूर्ण जोडायचं नाही, दोन बोटं फट ठेवायची, नाहीतर तो शॉर्ट झालेला वेढा होतो. खाली येणारी ठिणगी कड्यावर पडेल, ट्रान्सफॉर्मर वाचेल.