अंगणातला कमळाचा हौद बुजवून पोराला खेळायला जागा करायचीय, कसं करू?

सूनबाई_सांगली
नमस्कार मंडळी. आमचं सांगलीत बैठं घर आहे आणि पुढच्या अंगणात सासऱ्यांनी १९९६ ला गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलेला कमळाचा हौद आहे. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, खोली अडीच फूट, वीटकाम, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, मध्ये कारंजं (ते कधीच बंद पडलंय, सोडा). मुलगा १४ महिन्यांचा, गेल्या महिन्यात चालायला लागला. परवा रविवारी दळणाचा डबा आत ठेवायला गेले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन बघते तर हा कठड्यावर पोट टेकवून, पाय जमिनीवरून सुटलेले, पाण्यात हात घालून माशांना ये ये करतोय. आवाज न करता जाऊन उचलला, पण त्या रात्री झोप लागली नाही.

नवरा म्हणतो भोवती जाळी लावू. सासूबाई म्हणतात गणपती विसर्जन घरच्या घरी तिथंच होतं, मग ते कुठं करायचं. सासरे काहीच बोलत नाहीत आणि मला त्याचंच जास्त वाटतंय. एका कॉन्ट्रॅक्टरने नुसता भराव टाकायचे २२ हजार सांगितले, हे जास्त आहेत का? की नुसती माती टाकून वर लॉन लावलं तर चालेल? पावसाळ्याच्या आत करायचंय.

साईटवरचा_माणूस
ताई ८ गुणिले ५ गुणिले अडीच म्हणजे बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. चोपल्यावर भराव बसतो म्हणून सव्वा ब्रास धरा. मुरमाच्या दोन ट्रॉल्या मागवल्या तरी उरेल, त्यामुळे नुसत्या भरावाचे २२ हजार म्हणजे त्या माणसाने तुमचा बंगला बघून रेट लावलाय. तोडफोड, मजुरी, वाळू सगळं धरून सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, लिहून घ्या त्याच्याकडून.

आता मेन मुद्दा. तळ न फोडता माती टाकायची नाही म्हणजे नाही. ज्या प्लास्टरमधून इतकी वर्षं पाणी बाहेर गेलं नाही त्यातून पावसाचं पाणी तरी कसं जाणार? जुलैमध्ये लॉनखाली चिखलाची कढई तयार होईल, पाय रुतेल, वास मारेल, डास होतील ते वेगळंच. दोन चार भोकं पाडून मजूर म्हणतील झालं, ऐकू नका, ब्रेकर लावून अख्खा तळ फोडून घ्या. तोच राडारोडा खाली, मोठे तुकडे सगळ्यात तळाला, वर मुरूम सहा सहा इंचाच्या थरात, प्रत्येक थर पाणी मारून धुमसने (जड ठोकणीने) चोपायचा. सांगलीची काळी माती भरावाला चुकूनही वापरू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, पोराचा पाय जाईल एवढ्या. भराव दोन तीन इंच उंच ठेवा, पहिल्या पावसात खचतोच. तोवर झोपाळा वगैरे जड काही रोवायचं नाही.

आणि कारंज्याची वायर! ती हौदापाशी कापून मातीत गाडतात लोक आणि बोर्डावर तशीच जिवंत राहते. बोर्डापासून काढायला लावा.

रंकाळ्याचा_वारा
एवढं कशाला तोडताय राव. आमच्याकडं कोल्हापुरात आजोबांचा हौद आहे, त्याला फॅब्रिकेटरकडून लोखंडी जाळी करून घेतली, चौकोन तीन इंचाचे, बिजागरी आणि कुलूप. मी स्वतः ८२ किलोचा वर उभा राहून बघितलंय, वाकत नाही. कमळाची पानं जाळीतून वर येतात, झकास दिसतं. पोरगं काय दोन तीन वर्षांत मोठं होतंय, हौद परत बांधायला कोण येणार आहे.

दोघांची_आई
दादा तुमची जाळी चांगलीच आहे, पण कुलूप उघडं राहिलेला एक दिवस पुरतो. लहान मुलाला बुडायला अडीच फूट लागत नाही, दोन इंचाला तोंड आणि नाक बुडतं. डोकं जड असतं, तोल गेला की उलटं होतं आणि ओरडत नाही, हे सगळ्यात वाईट. आपण सिनेमात बघून समजतो की हातपाय मारतील, आवाज येईल. काही येत नाही. २०२१ मध्ये जगात साधारण ३ लाख माणसं बुडून गेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यातली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची.

आणि सूनबाई, हौद बुजवून निर्धास्त होऊ नका हं. आमची मोठी ११ महिन्यांची असताना बाथरूममधल्या बादलीत डोक्याकडून गेली होती, सासूबाई नेमक्या तिथंच होत्या म्हणून आज ती दहावीला आहे. रात्री बादल्या रिकाम्या आणि उलट्या, बाथरूमला बाहेरून वरच्या बाजूला कडी आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आजच बघा. नळाला पाणी आलं की ते उघडं टाकून आपण मोटर लावायला जातो, सगळ्या घरात हेच.

कोपऱ्यातला_बेडूक
माझं फक्त जिवंत मालाबद्दल. पावसाच्या आत करताय हे बरंच झालं, कारण पहिला पाऊस पडला की बेडूक अंडी घालायला येतात आणि मग बुजवायला मन होत नाही. मासे कृष्णेत सोडू नका, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. अशाच कुणीतरी हौशीने सोडलेल्या सकर या शोभेच्या माशाने उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांची काय अवस्था केलीय ते भिगवणकडे विचारा. कमळाचे कंद चिखलासकट प्लास्टिकच्या टबात हलवा आणि टब गच्चीवर, गच्चीचं दार बंद. तळातला काळा गाळ टाकू नका, नारळाला घाला.

एक विचारायचं राहिलं, हौदाच्या कडेला कण्हेर किंवा बिट्टी आहे का? आपण लहानपणी बिट्टीच्या बियांनी खेळलो ते खरंय पण ती विषारी आहे, दोन्ही काढा.

सूनबाई_सांगली
बापरे, टाकीचं झाकण बघितलं, तडा गेलेलं निघालं, नवरा आत्ताच नवीन आणायला गेलाय. बिट्टी आहे. काढते.

काल रात्री जेवताना हा धागा सगळा वाचून दाखवला. विसर्जनाचं सासूबाईंनीच मिटवलं, मूर्ती शाडूचीच असते, मोठ्या पातेल्यात करू म्हणाल्या. सासरे शेवटी बोलले. तळ फोडा म्हणाले, पण कठडा सगळा पाडू नका, वरची वीट काढून फूटभर ठेवा, वाळूला कड लागतेच की. म्हणजे लॉन नाही, पोराला खेळायला वाळूच. २०१९ च्या पुरात सगळं अंगण पाण्याखाली गेलं तरी कठडा हलला नव्हता हे पण परत एकदा ऐकवलं.

साईटवरचा_माणूस
काका बरोबर बोलतायत. फक्त कठड्याच्या कडा गोल करून प्लास्टर करा, धारदार वीट ठेवू नका. मुरूम फूटभर खालीच थांबवा, वर दुहेरी शेडनेट आणि मग वाळू, नाहीतर महिन्याभरात मुरूम वर आणि वाळू खाली. नदीची धुतलेली वाळू बघा, क्रश सँड (दगड भरडून केलेली) नको, धूळ फार. आणि रात्री ताडपत्री घाला, नाहीतर गल्लीतली सगळी मांजरं तुम्हाला दुवा देतील. दिवसा ताडपत्रीवर पाणी साचलेलं दिसलं की आधी ते ओता, परत तेच दोन इंच.

सूनबाई_सांगली
मुरूम शुक्रवारी येतोय. पंचवीस तीस गप्पी मासे आहेत, डासाच्या अळ्या मस्त खातात. सांगली मिरजेत कुणाकडे झाकणाचा हौद किंवा मोठी टाकी असेल तर मेसेज करा, बरणी तुमची आणा.