जॉर्ज रिप्ली : त्याचे स्वतःचे किती आणि त्याच्या नावावर खपवलेले किती?

बर्डीकर वाचक (प्रश्न)

नमस्कार. नागपुरात आमचे एक लहानसे वाचक मंडळ आहे आणि पुढच्या बैठकीत मध्ययुगीन किमयेवर बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. रामटेकच्या नागार्जुन टेकडीमुळे पारा, सोने आणि सिद्धपुरुष यांच्या कथा आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या असतात. तुलनेसाठी म्हणून मी पंधराव्या शतकातील इंग्रज किमयागार जॉर्ज रिप्ली निवडला. मात्र त्याच्याविषयी वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. कोणी त्याला यॉर्कशरमधील साधा मठवासी म्हणतो, तर कोणी ऱ्होड्स बेटावरील धर्मयोद्ध्यांना तुर्कांशी लढण्यासाठी दरवर्षी एक लाख पौंड पुरवणारा सिद्ध म्हणतो. त्याच्या नावाची ती प्रसिद्ध लांबलचक चित्रपट्टी पाहिली, तर तिच्यात स्वतःचेच पंख खाणारा पक्षी, बेडूक, सर्प आणि सूर्य-चंद्र यांची अशी गर्दी आहे की रसायनशास्त्राचा मागमूस लागत नाही.

त्याच्या चरित्रातले आणि लेखनातले भरवशाचे काय धरावे, आणि त्या लेखनामागे प्रत्यक्ष भट्टीवर केलेले काही काम होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोथीशाळा

भरवशाचे म्हणता येईल असे चरित्र चार ओळींचे आहे. रिप्ली हा यॉर्कशरच्या किनाऱ्याजवळील ब्रिडलिंग्टन येथील ऑगस्टिनियन मठाचा कॅनन, म्हणजे मठवासी धर्मगुरू, होता. 1471 मध्ये त्याने ‘कंपाउंड ऑफ अल्केमी’ हे दीर्घ इंग्रजी काव्य रचून चौथ्या एडवर्ड राजाला उद्देशून लिहिले. 1476 मध्ये ‘मेडुला’ हा लॅटिन ग्रंथ यॉर्कचे आर्चबिशप जॉर्ज नेव्हिल यांना अर्पण केला. आणि 1490 च्या सुमारास तो वारला. एक लाख पौंडांची गोष्ट खुशाल बाजूला ठेवावी, कारण तेवढे वार्षिक उत्पन्न तेव्हा खुद्द इंग्लंडच्या राजाचेही नव्हते.

चित्रपट्टीचेही तसेच आहे. तिच्या वीसहून अधिक प्रती आज उपलब्ध आहेत, पण त्या सोळाव्या शतकात आणि त्यानंतर तयार झाल्या, म्हणजे रिप्लीच्या मृत्यूनंतर. त्याचे नाव बाजारात चालत होते म्हणून ते तिला चिकटले. गंमत अशी की रिप्लीने स्वतः ज्याला गुरुस्थानी मानले, त्या रेमंड लल या मायोर्काच्या तत्त्वज्ञाच्या बाबतीतही हेच घडले होते. लल 1316 च्या सुमारास वारला आणि त्याच्या नावावरचे किमयेचे ग्रंथ त्यानंतर इतरांनी लिहिले. नागार्जुनाबाबत आपल्याकडे याहून निराळे काय झाले? बौद्धांच्या माध्यमिक पंथाचा तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रसशास्त्रातला, म्हणजे पाऱ्याच्या विद्येतला, सिद्ध नागार्जुन यांच्यात काही शतकांचे अंतर आहे, पण लोकांच्या तोंडी दोघे एकच झाले आहेत.

तुम्ही मुख्य आधार ‘कंपाउंड’चाच घ्यावा, असे मी सुचवेन. ते सात-सात ओळींच्या कडव्यांत आहे आणि किमयेच्या किल्ल्याची बारा द्वारे एकामागून एक उघडत जावीत अशी त्याची रचना आहे : भस्मीकरण, विद्रावण, विलगीकरण, संयोग, कुजवणे, गोठवणे, पोषण, संप्लवन, किण्वन, उत्कर्ष, गुणन आणि शेवटी प्रक्षेपण, म्हणजे सिद्ध झालेली पूड वितळलेल्या हलक्या धातूवर टाकून त्याचे सोने करणे. मला विचाराल तर या बारा द्वारांपेक्षा दोन जागा अधिक वाचनीय आहेत. एका ठिकाणी तो भोंदू किमयागारांचे वर्णन करतो : मळकी, झिजून विरलेली वस्त्रे, तेजाबाने डागाळलेली बोटे, चिपडलेले डोळे, बसलेले गाल, आणि अंगाला असा वास की जातील तिथे लोकांनी त्यांना नाकाने ओळखावे. हे लिहिणाऱ्याने अशी माणसे जवळून पाहिलेली असणार. दुसरी जागा अखेरीची आहे. तिथे तो स्वतःच्या फसलेल्या प्रयोगांची यादीच देतो, आणि तिच्यात मूत्र, अंडी, केस, रक्त असे काहीही सुटलेले नाही. सिद्धपुरुषाची प्रतिमा जपणारा माणूस अशी यादी कशाला देईल?

भट्टी आणि बकयंत्र

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. भट्टीवरचे काम निश्चितच होते. रिप्लीच्या परंपरेत ‘सेरिकॉन’ नावाच्या द्रव्यापासून सुरुवात होते. त्याचा अर्थ पुढच्या लोकांनी निरनिराळा लावला, पण इतिहासकार जेनिफर रॅम्पलिंग यांनी ते शिशाचे संयुग असल्याचे दाखवले आहे, म्हणजे आपला शेंदूर किंवा मुरदाडशिंग यांच्या जातीचे. हे द्रव्य ऊर्ध्वपातित व्हिनेगरमध्ये विरघळवायचे, द्राव मंद आचेवर आटवायचा, आणि जो चिकट डिंकासारखा पदार्थ उरतो तो बकयंत्रात, म्हणजे लांब वाकड्या मानेच्या पात्रात, घालून तापवायचा. आजच्या भाषेत हे लेड ॲसिटेटचे शुष्क ऊर्ध्वपातन झाले. त्यातून पांढरा धूर निघतो आणि थंड झाल्यावर एक तीव्र वासाचा, चटकन पेट घेणारा द्रव मिळतो, ज्यात मुख्यतः ॲसिटोन असते. काहीही जाळले नसताना पेटणारे ‘पाणी’ हाती आलेले पाहून त्या काळच्या माणसाने त्याला पदार्थाचा आत्मा मानले, तर त्यात नवल नाही.

खरी मौज पात्राच्या तळाशी आहे. तिथे काळा गाळ उरतो. रिप्लीच्या नावाने चालणाऱ्या एका कृतीत सांगितले आहे की पात्र फोडून हा गाळ काढावा आणि त्याच्या एका टोकाला जळता निखारा लावावा. अर्ध्या तासात आग सगळ्या गाळातून सरकत जाते आणि तो पिवळा होतो. हे अगदी बरोबर आहे. तो गाळ म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे शिसे आणि थोडा कार्बन. हवेत निखाऱ्याचे निमित्त मिळताच ते शिसे ज्वाळेविना धुमसत जळते आणि पिवळे ऑक्साइड तयार होते. इतका तपशील कोणाला तरी भट्टीपुढे बसल्याशिवाय सुचणार नाही. त्याच्याच नावावरच्या आणखी एका छोट्या कवितेत लाल बेडूक द्राक्षरस पिऊन फुगतो, मरतो, काळा पडतो आणि अनेक रंग बदलून शेवटी त्याच्या विषाचे औषध होते. शेंदूर आणि द्राक्षाचा सिरका डोळ्यांपुढे ठेवून ती वाचा, म्हणजे बेडूक बराच ओळखीचा वाटू लागेल.

मंडळातल्या कोणाला उत्साह आला तरी हे घरी करू देऊ नका. लेड ॲसिटेट चवीला गोड आणि पक्के विषारी असते.

बर्डीकर वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न राहतो. कृती इतकी नेमकी होती, तर ती बेडूक, हिरवा सिंह अशा किमयेच्या प्रतीकांच्या आड का लपवली? कायद्याचे भय होते का?

अष्टसंस्कार

कायदा होता. चौथ्या हेन्रीच्या काळात, 1404 मध्ये, किमयेने सोने-चांदी ‘वाढवणे’ हा गंभीर गुन्हा ठरवला गेला. खोट्या नाण्यांची धास्ती हे त्यामागचे उघड कारण मानले जाते. पण सहाव्या हेन्रीने पुढे याच कामासाठी परवाने दिले, आणि रिप्लीने तर आपले काव्य थेट राजालाच उद्देशून लिहिले. पकडले जाण्याच्या भीतीने लपणारा माणूस राजाला पत्र लिहीत नाही. कायदा रद्द व्हायला 1689 साल उजाडले. त्यामागे रॉबर्ट बॉईलचे प्रयत्न होते.

माझ्या मते गूढ भाषेचे कारण विद्येच्या व्यवहारात आहे. अर्धे सांगायचे आणि उरलेले समजावून घ्यायला आश्रयदात्याने आपल्याकडेच यावे अशी सोय ठेवायची. रिप्लीचा समकालीन, ब्रिस्टलचा थॉमस नॉर्टन, याने 1477 मध्ये ‘ऑर्डिनल’ हे काव्य लिहायला घेतले, त्यात नाव कुठेच उघडपणे दिले नाही. पण प्रकरणांच्या आरंभीची अक्षरे जुळवली की नाव आणि गाव दोन्ही सापडतात. अज्ञात राहायचे असते, तर हा खटाटोप कशाला केला असता? पुढे न्यूटननेही रिप्लीवर टिपणे काढली, ती याच कोड्यांच्या ओढीने.

तुलना करणारच असाल तर रिप्लीची बारा द्वारे आपल्या पाऱ्याच्या अठरा संस्कारांसमोर, म्हणजे पाऱ्यावर क्रमाने करायच्या प्रक्रियांसमोर, मांडून पाहा. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन अशी सुरुवात करून आपली मालिका सतराव्या पायरीवर ‘वेध’ला पोहोचते, आणि रिप्लीचे प्रक्षेपण हेच काम करते. त्याचा किल्ला तिथेच संपतो. आपल्याकडे मात्र त्यापुढे अठरावा संस्कार ‘भक्षण’ आहे : धातूवर सिद्ध झालेला पारा मग देहासाठी घ्यायचा. औषधाची कल्पना रिप्लीकडेही आहे, पण तिला अशी स्वतंत्र अखेरची पायरी नाही. बैठकीत चर्चा रंगवायची असेल तर ती या फरकावर रंगेल. सोने खरेच झाले की नाही, यावर वेळ घालवू नये.